वाचकांचे प्रश्न : बादलीतले पैसे कुठे गेले?

‘प्राइड’ या 2014 च्या ब्रिटिश चित्रपटाविषयी गेल्या अंकात दोनच ओळी छापून आल्या होत्या. त्यावर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांकडून एवढी पत्रे येतील असे वाटले नव्हते. 1984-85 च्या खाणकामगारांच्या संपात लंडनमधील समलिंगी स्त्री-पुरुषांच्या एका गटाने वेल्समधील संपकरी कुटुंबांसाठी निधी उभा केला, त्याची ही कथा आहे. पत्रलेखकांपैकी काही जण आपापल्या वस्तीत या चित्रपटाचा सामुदायिक खेळ लावणार आहेत, तर काहींना तो लावू नये असे वाटते. निवडक प्रश्न थोडक्यात करून देत आहे.

प्रश्न : आमच्या भागातील रहिवाशांच्या मंडळाने जवळच्या सभागृहात ‘प्राइड’ दाखवण्याचे ठरवले असून, सुरुवातीची दहा मिनिटे बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी सात वर्षांपासून येथे राहते, पण खाणींविषयी मला जे माहीत आहे ते ऐकीव आहे. पडद्यावर जे दिसते त्यातले खरे किती आणि रचलेले किती? — एक वाचक, दक्षिण वेल्स

उत्तर : गाभा खरा आहे. जून 1984 च्या अखेरीस लंडनमध्ये समलिंगी स्त्री-पुरुषांचा वार्षिक मोर्चा निघाला, त्यात मार्क ॲश्टन आणि माइक जॅक्सन यांनी संपकऱ्यांसाठी देणग्या गोळा करायला बादल्या फिरवल्या आणि जुलैमध्ये ‘लेस्बियन्स अँड गेज सपोर्ट द मायनर्स’ हा गट उभा राहिला. चित्रपटात दिसणारे लंडनच्या ब्लूम्सबरी भागातील मार्चमाँट स्ट्रीटवरचे ‘गेज द वर्ड’ हे पुस्तकांचे दुकानही खरे आहे. गटाची माणसे त्याच्या दारात बादल्या घेऊन उभी राहत आणि पोलीस त्यांना हुसकावू पाहत. दक्षिण वेल्समधील ज्या खोऱ्याशी या गटाने नाते जोडले, ते डिलाइसचे खोरेही खरेच. (नकाशावरील अक्षरे पाहून आपण मराठी माणसे ‘डुलाइस’ म्हणतो, प्रास्ताविकात तसे म्हणालात तर पहिल्या रांगेतून कोणीतरी दुरुस्ती करील.) खाणकामगारांच्या बाजूने बोलणारे दाई डोनोव्हन, खोऱ्यातील संपकरी कुटुंबांच्या मदत समितीचे चिटणीसपद सांभाळणाऱ्या हेव्हिना हेडन आणि पुढे 2005 ते 2015 या काळात संसदेत बसलेल्या शान जेम्स या सर्व व्यक्ती खऱ्या आहेत.

पटकथाकार स्टीफन बेरेसफोर्ड यांनी भर घातली ती पात्रांमध्ये. घरच्यांपासून लपूनछपून गटात येणारा ‘जो’ नावाचा वीस वर्षांचा तरुण हे पात्र काल्पनिक आहे. त्याचे वय मात्र सहज निवडलेले नाही. 1967 च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध गुन्ह्यातून अंशतः वगळले, पण वयाची अट 21 ठेवली, म्हणजे वीस वर्षांचा हा तरुण कायद्याच्या नजरेत गुन्हेगारच ठरतो. समितीत राहून पाहुण्यांच्या विरोधात कारवाया करणारी मॉरीनही काल्पनिक आहे. जोनाथन ब्लेक आणि गेथिन रॉबर्ट्स ही नावे खऱ्या माणसांची आहेत, मात्र त्यांचे जोडपे असणे आणि पुस्तकांचे दुकान त्यांच्या मालकीचे असणे ही पटकथेची सोय आहे. हे सभेत आधी सांगितले म्हणजे नंतरचा वाद टळतो.

मला अधिक खटकते ते वगळलेले. ॲश्टन हे कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेचे कार्यकर्ते होते आणि पुढे तिचे सरचिटणीसही झाले. संपाला पाठिंबा देण्याची त्यांची प्रेरणा केवळ सहानुभूतीची नव्हती, त्यामागे राजकीय शिस्त होती. चित्रपटात हे एका ओरडून मारलेल्या शेऱ्यापुरते उरते. नोव्हेंबर 1984 मध्ये काही स्त्रियांनी वेगळे होऊन ‘लेस्बियन्स अगेन्स्ट पिट क्लोजर्स’ हा गट काढला, त्याचीही पडद्यावर चेष्टाच झाली आहे. लंडनखेरीज इतर शहरांतही असे गट निघाले होते आणि संप संपेपर्यंत त्यांची संख्या अकरावर गेली होती, हे तर प्रेक्षकाला कळतच नाही.

प्रास्ताविकात एखादी गोष्ट जवळून दाखवायची असेल तर त्या दुकानाची सांगा. एप्रिल 1984 मध्ये, म्हणजे संप सुरू होऊन महिना-दीड महिना झाला असताना, कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी ‘गेज द वर्ड’वर धाड घालून परदेशातून मागवलेली हजारो पौंडांची पुस्तके अश्लील म्हणून उचलून नेली. दुकानाच्या संचालकांवरील खटला मागे घेण्यात आला तो 1986 मध्ये. तेव्हा रिकाम्या झालेल्या कपाटांच्या दुकानापुढे उभी राहून ही माणसे खाणकामगारांसाठी पैसे मागत होती. आपल्या दारात आलेले सरकार आणि खाणीच्या दारात उभे राहिलेले सरकार एकच आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

प्रश्न : खाणकामगारांची राष्ट्रीय संघटना मोठी आणि सधन होती. मग या गटाने तिच्या खात्यात पैसे भरण्याऐवजी बादली घेऊन थेट एका खोऱ्यात जाण्याचे कारण काय? यात प्रसिद्धीची हौस नव्हती का? — एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : खात्यात भरलेले पैसे कुटुंबांपर्यंत पोहोचलेच नसते. न्यायालयाच्या आदेशाने ऑगस्ट 1984 मध्ये संघटनेच्या दक्षिण वेल्स शाखेचा निधी जप्त झाला आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय संघटनेवरही तीच वेळ आली. दुसरीकडे, 1980 च्या कायद्यानुसार संपकऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या सरकारी साहाय्यातून, संघटना त्याला संपभत्ता देतच असणार असे गृहीत धरून, दर आठवड्याला ठरावीक रक्कम कापली जात असे. संघटना तसा भत्ता देत नव्हती. जो पैसा मिळालाच नाही तो मिळाला असे धरून घरातला पैसा कमी करायचा, हे त्या कायद्यातले गणित. एकट्या राहणाऱ्या संपकऱ्याची अवस्था याहूनही वाईट होती.

म्हणून देशभर एक पद्धत रूढ झाली : एखाद्या शहरातल्या गटाने एखाद्या खाणवस्तीशी जोडी जमवायची आणि जमलेला पैसा तेथील मदत समितीच्या हाती द्यायचा. लंडनच्या गटाची जोडी नीथ, डिलाइस आणि स्वान्झी खोऱ्यांच्या मदत समितीशी जमली. समिती त्या पैशांतून अन्नधान्याच्या पिशव्या भरून घरोघरी पोहोचवत असे. याच मदतीतून एक व्हॅनही घेतली गेली आणि तिच्यावर गटाचे नाव रंगवले होते. वेल्सच्या डोंगराळ रस्त्यांवरून, चॅपेलच्या आणि दुकानांच्या समोरून ती व्हॅन ये-जा करत होती. याला प्रसिद्धी म्हणायचे असेल तर ती खोऱ्यातल्या लोकांनी आपण होऊन पत्करलेली होती.

हिशेबही सांगतो, कारण आपण संशयाने विचारले आहे आणि पैशांच्या बाबतीत संशय रास्तच असतो. 10 डिसेंबर 1984 रोजी कॅमडेनमधील इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये मदतीसाठी संगीताचा कार्यक्रम झाला आणि ब्रॉन्स्की बीट हा गाजलेला वाद्यवृंद त्यात गायला. त्या एका रात्रीतून 5,650 पौंड मिळाले. लंडनच्या गटाने संपकाळात जमवलेली एकूण रक्कम साधारण 22,500 पौंड सांगितली जाते. राष्ट्रीय पातळीवरच्या संपाच्या तुलनेत ती मोठी नाही. पण ती देणारा देऊन मोकळा होत नव्हता, तो पाहुणा म्हणून जाऊन खाणकामगाराच्या घरी झोपत होता, आणि खाणकामगाराचे कुटुंब लंडनला आले की याच्या घरी उतरत होते. निनावी धनादेश पाठवणाऱ्याला सकाळी यजमानाच्या स्वयंपाकघरात चहाच्या टेबलाशी बसून प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत नाहीत. या गटाला ती द्यावी लागली, आणि माझ्या मते या सगळ्या घडामोडींचे मर्म त्या टेबलाशीच आहे.

प्रश्न : आम्ही येथील मराठी कुटुंबांसाठी हा खेळ ठेवतो आहोत. समितीत असे ठरते आहे की पत्रकावर ‘समलिंगी’ हा शब्द नको, ‘मैत्रीची आणि माणुसकीची कथा’ एवढेच छापावे, म्हणजे ज्येष्ठ मंडळीही येतील. त्याशिवाय, चित्रपटातील कार्यक्रमाच्या नावात जो ‘पर्व्हर्ट्स’ शब्द आहे त्याचे मराठी काय करावे, यावरही मतभेद आहेत. — एक वाचक, लंडन

उत्तर : आपल्या समितीला सुचलेली युक्ती नवी नाही. हा चित्रपट अमेरिकेत डीव्हीडीवर आला तेव्हा मागच्या बाजूच्या मजकुरातून समलिंगी स्त्री-पुरुषांचा उल्लेख गाळून नुसते ‘लंडनमधील कार्यकर्ते’ असे छापले गेले, आणि छायाचित्रात पात्रांच्या मागे असलेला गटाच्या नावाचा फलकही पुसून टाकला गेला. जानेवारी 2015 मध्ये ते उघडकीस आले तेव्हा व्हायची ती शोभा झाली. ज्या माणसांनी आपले नाव रंगवलेली व्हॅन खेड्यापाड्यांतून फिरू दिली, त्यांच्याच कथेच्या वेष्टनावरून त्यांचे नाव खोडले गेले.

व्यवहाराच्या बाजूनेही ही युक्ती मला पटत नाही. पत्रक वाचून मैत्रीची कथा पाहायला आलेले ज्येष्ठ गृहस्थ पहिल्या दहा मिनिटांत फसवले गेल्याच्या भावनेने खुर्ची सरकवतील, आणि चित्रपटावरचा नव्हे तर आपल्यावरचा त्यांचा राग पुढची दोन वर्षे टिकेल. ‘संपकरी खाणकामगारांच्या मदतीला धावलेल्या समलिंगी स्त्री-पुरुषांची खरी हकिगत’ असे सरळ छापा. ज्यांना यायचे नाही ते येणार नाहीत, आणि जे येतील ते शेवटपर्यंत बसतील. शिवाय, आपल्या मंडळात असा एखादा तरुण किंवा तरुणी असेलच जिने आजवर घरी काही सांगितलेले नाही. आपल्याच भाषेतल्या पत्रकावर तो शब्द निंदेविना छापलेला पाहणे तिच्यासाठी काय असेल, याचाही समितीने विचार करावा.

आता ‘पिट्स अँड पर्व्हर्ट्स’विषयी. कॅमडेनच्या कार्यक्रमाचे हे नाव होते. चित्रपटात ते एका वृत्तपत्राच्या कुचेष्टेच्या मथळ्यावरून उचललेले दाखवले आहे : तुम्ही आम्हाला शिवी देता काय, मग तीच आम्ही आमच्या जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत छापतो. याचे भाषांतर ‘खाणी आणि भिन्न लैंगिकता असलेल्या व्यक्ती’ असे सभ्य करून ठेवले तर त्यातला दंशच जातो. ‘खाणी आणि विकृत’ असेच म्हणा, आणि हा शब्द शत्रूच्या तोंडचा असून तो यांनी मुद्दाम मिरवला, हे प्रास्ताविकात एका वाक्यात सांगा. इतरत्र मात्र, म्हणजे आपल्या स्वतःच्या बोलण्यात, ‘समलिंगी’ हा साधा शब्द पुरेसा आहे. ‘तसले’, ‘त्या प्रकारचे’ असे आडवळणाचे शब्द शिवीहून अधिक लागतात.

प्रश्न : आमच्याकडे चित्रपटाची विकत घेतलेली डीव्हीडी आहे. सभागृह मोफत मिळते आहे आणि तिकीट नाममात्र ठेवणार आहोत. आणखी काही लागते का? माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, तो आला तर चालेल का? — एक वाचक, कार्डिफ

उत्तर : यात परवानग्या दोन आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. डीव्हीडी विकत घेतल्याने तो चित्रपट घरी पाहण्याचा हक्क मिळतो, सभागृहात चारचौघांना दाखवण्याचा नव्हे. प्रवेश मोफत असला तरी 1988 च्या कॉपीराइट कायद्याखाली सार्वजनिक खेळासाठी हक्कधारकाच्या वतीने परवाने देणाऱ्या संस्थेकडून त्या एका खेळाचा परवाना घ्यावा लागतो. तो आधी घ्या आणि मगच तारीख जाहीर करा. तारीख छापून झाल्यावर परवान्यासाठी धावाधाव करणारी मंडळे मी पाहिली आहेत.

दुसरी परवानगी जागेची. इंग्लंड आणि वेल्समध्ये एरवी चित्रपटाच्या खेळासाठी स्थानिक प्रशासनाकडून मनोरंजनाचा परवाना लागतो, पण 2015 पासून सामुदायिक जागांना त्यातून सूट आहे. जागा चर्चच्या सभागृहासारखी किंवा वस्तीच्या सभागृहासारखी असावी, तिच्या व्यवस्थापनाची संमती असावी, प्रेक्षक 500 हून अधिक नसावेत, खेळ सकाळी 8 ते रात्री 11 या वेळेत असावा, हेतू नफ्याचा नसावा आणि वयाच्या प्रमाणपत्राचे पालन व्हावे, अशा त्या अटी आहेत. खर्च भरून निघेल इतके तिकीट ठेवायला हरकत नाही. चित्रपट दोन तासांचा आहे. चर्चा ठेवणार असाल तर सायंकाळी उशिरा सुरू करू नका.

मुलाविषयीचे उत्तर या शेवटच्या अटीतच आहे. ब्रिटनमध्ये ‘प्राइड’ला 15 चे प्रमाणपत्र आहे, त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाला सभागृहात घेता येणार नाही, आई शेजारी बसली असली तरीही. घरी दाखवायचा की नाही हे आपण ठरवावे. माझ्या मते त्यात त्याने पाहू नये असे फारसे काही नाही, पण दारावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला माझे मत दाखवून भागणार नाही.

प्रश्न : मी स्वतः अनेक वर्षे कामगार संघटनेत काढली. माझा आक्षेप असा की तो संप पूर्णपणे हरला होता, खाणी बंद झाल्या, वस्त्या ओसाड पडल्या. त्यावर हसतखेळत चित्रपट काढणे आणि आपण तो टाळ्या वाजवत पाहणे मला बरे वाटत नाही. शिवाय मजुरीचा प्रश्न आणि समलिंगींचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांची सांगड कशासाठी? — एक ज्येष्ठ वाचक, लेस्टर

उत्तर : पराभवाविषयी आपले म्हणणे मान्य आहे, आणि चित्रपट त्यावरून जरा भरभर पुढे जातो हेही खरे. मार्च 1984 मध्ये इयन मॅकग्रेगर अध्यक्ष असलेल्या कोळसा मंडळाने वीस खाणी बंद करण्याचे आणि वीस हजार नोकऱ्या कमी करण्याचे ठरवले, त्यातून संप पेटला. वर्षभरात अकरा हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. 3 मार्च 1985 रोजी संघटनेच्या प्रतिनिधींनी 98 विरुद्ध 91 मतांनी, कोणताही करार हाती नसताना, कामावर परतण्याचा निर्णय घेतला. डिलाइस खोऱ्यातील ब्लेनंटची खाण 1990 मध्ये बंद झाली आणि यॉर्कशरमधील केलिंग्ली ही ब्रिटनमधील अखेरची खोल खाण डिसेंबर 2015 मध्ये. खाणकामगार संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष आर्थर स्कारगिल यांनी जे भाकीत केले होते त्याहून अधिक खाणी गेल्या. हे आकडे खेळाच्या आधी कोणीतरी उभे राहून वाचून दाखवावेत असे मला वाटते, आणि ते काम आपल्यासारख्या संघटनेत घाम गाळलेल्या माणसाने करावे.

सांगड मात्र चित्रपटाने घातलेली नाही. ती खाणकामगारांनी स्वतः घातली. कॅमडेनच्या व्यासपीठावरून दाई डोनोव्हन यांनी सांगितले होते की तुम्ही आमचा बिल्ला छातीवर लावलात, आता आम्ही तुमचा लावू, अशा आशयाचे ते बोलणे होते. व्यासपीठावर असे पुष्कळ जण बोलतात. येथे फरक एवढाच की संप हरल्यानंतर, ज्यांच्याकडून आता काहीही मिळण्यासारखे नव्हते अशांसाठी, ते पाळले गेले. जून 1985 च्या लंडनच्या मोर्चात दक्षिण वेल्सचे खाणकामगार आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया संघटनेचे बॅनर घेऊन आघाडीला चालल्या. त्याच वर्षी बोर्नमथ येथील मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगींच्या समान हक्कांचा ठराव संमत झाला, आणि तो संमत होण्यात खाणकामगार संघटनेच्या एकगठ्ठा मतांचा मोठा वाटा होता. एकगठ्ठा मत म्हणजे काय आणि ते कोणासाठी खर्च करायचे यावर संघटनेत किती भांडणे होतात, हे आपल्याला मी सांगायला नको.

त्या ठरावाने लगेच काही बदलले, असा दावा मी करणार नाही. 1988 मध्ये कलम 28 आले आणि स्थानिक प्रशासनांना समलैंगिकतेचा ‘पुरस्कार’ करण्यास मनाई झाली. 21 ची वयोमर्यादा 1994 मध्ये 18 वर आली आणि इतरांच्या बरोबरीने 16 होण्यास 2001 उजाडले. मार्क ॲश्टन यांनी यातले काहीच पाहिले नाही, फेब्रुवारी 1987 मध्ये वयाच्या 26 व्या वर्षी एड्सने त्यांचा मृत्यू झाला. ज्यांना 1982 मध्येच, ब्रिटनमधील अगदी पहिल्या रुग्णांपैकी एक म्हणून, एचआयव्हीचे निदान झाले होते ते जोनाथन ब्लेक मात्र चित्रपट पाहायला हयात होते. तेव्हा टाळ्या वाजवताना आपला हात अडखळत असेल तर तो अडखळू द्यावा, पण खेळाला जरूर जावे.

प्रश्न : खेळानंतर चर्चेसाठी वक्ता म्हणून कोणाला बोलवावे? एखादे प्राध्यापक मिळतील का? — पहिल्याच वाचक, दक्षिण वेल्स

उत्तर : आपण दक्षिण वेल्समध्ये राहता, तेव्हा प्राध्यापक शोधण्याआधी आपल्याच रस्त्यावर चौकशी करा. संपाच्या वर्षी विशीत असलेली माणसे आज साठी ओलांडून गेली आहेत, आणि त्यांतल्या कित्येक स्त्रियांनी वेल्फेअर हॉलमध्ये, म्हणजे खाणकामगारांच्या सामुदायिक सभागृहात, उभे राहून बटाटे आणि डबाबंद पदार्थ मोजून पिशव्यांत भरले आहेत. कोणाच्या ड्रॉवरमध्ये ‘कोल नॉट डोल’चा (कोळसा हवा, बेकारभत्ता नको) पिवळा बिल्ला असेल तर तो घेऊन यायला सांगा. मात्र त्यांना ‘संपाविषयी आपले विचार मांडा’ असे म्हणू नका, तसे म्हटले की माणूस दोन मिनिटे भाषण करून खाली बसतो. पिशवीत काय काय असे, ते कमी पडले तर कोणाच्या घरचे आधी कमी करत, आणि लंडनहून पाहुणे आले तेव्हा त्यांना कोणत्या खोलीत झोपवले, हे विचारा. आणि ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती द्या, कारण अशा सभागृहांत मागच्या चार रांगांना काही ऐकू येत नाही.